गाडी विजेची, पण वीज कोणत्या वेळची?

(तृतीय वर्ष कला, अर्थशास्त्र)

कला महाविद्यालयाच्या वार्षिक अंकात विजेच्या मोटारींवर लेख कशाला, असा प्रश्न काही वाचकांच्या मनात येईल. हा विषय विज्ञान मंडळाच्या भित्तिपत्रकात अधिक शोभला असता, असेही कुणी म्हणेल. परंतु वीज हा महाराष्ट्रात केवळ पदार्थविज्ञानाचा विषय कधीच नव्हता. १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशी पेट्यातील शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. मुंबईला वीज मिळावी म्हणून मावळातल्या भातखाचरांनी पाण्याखाली का जावे, हा त्यांचा सवाल होता. तो अर्थशास्त्राचा होता, राज्यशास्त्राचा होता आणि नीतिशास्त्राचाही होता. वीज कुणाला मिळते आणि तिची किंमत कोण मोजतो, हे विचारण्याचा अधिकार कला शाखेच्या विद्यार्थ्याला तेव्हापासूनच आहे. तोच प्रश्न आज विजेच्या गाड्यांच्या बाबतीत विचारावा, एवढाच या लेखाचा हेतू.

हिरव्या नंबरप्लेटची गाडी आता नवलाईची राहिलेली नाही. आपल्या महाविद्यालयाच्या स्टँडवरही तशा स्कूटर दिसू लागल्या आहेत. राज्य सरकारने २०२१ साली आणि पुन्हा २०२५ साली अशा वाहनांसाठी धोरण जाहीर केले. जाहिरातींत तर या गाड्या म्हणजे निर्मळतेचा अवतारच. धूर नाही, आवाज नाही, पेट्रोलच्या भावाची चिंता नाही! यातले पुष्कळसे खरेही आहे. विजेची मोटार पेट्रोलच्या इंजिनापेक्षा ऊर्जा फार काटकसरीने वापरते आणि शहराच्या हवेत धूर सोडत नाही, हा लाभ लहान नाही.

परंतु वीज हे काही खाणीतून निघणारे इंधन नव्हे. ती कुठेतरी, कशापासून तरी तयार करावी लागते. भारतात आजही जी वीज तयार होते तिचा सुमारे सत्तर टक्के किंवा त्याहून थोडा अधिक भाग कोळशाचा आहे. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचे. शिवाय कोराडी, खापरखेडा, भुसावळजवळचे दीपनगर. पुण्यामुंबईच्या रस्त्यावरचा धूर कमी झाला आणि तेवढ्यासाठी चंद्रपूरच्या घरांवर राख अधिक पडली, तर त्याला प्रगती म्हणायचे की धुराचे स्थलांतर? विजेची गाडी खऱ्या अर्थाने स्वच्छ व्हायची असेल तर ती सूर्याच्या, वाऱ्याच्या आणि पाण्याच्या विजेवर चालली पाहिजे. आणि इथेच खरी गोम आहे. सूर्य आपल्या सोयीने उगवत नाही व मावळत नाही.

विजेवर चालणारी वाहने आपल्याला नवीन नाहीत. मुंबईत विजेची ट्राम १९०७ साली सुरू झाली आणि १९६४ पर्यंत धावली. बोरीबंदर ते कुर्ला ही देशातली पहिली विजेची रेल्वेगाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी निघाली. तिची शताब्दी नुकतीच होऊन गेली. पण या जुन्या वाहनांत आणि आजच्या गाडीत एक महत्त्वाचा फरक आहे. ट्राम आणि लोकल ज्या क्षणी धावतात त्याच क्षणी तारेतून वीज घेतात. सकाळी साडेआठला विरारहून निघालेल्या गाडीला ‘तू वीज दुपारी घे’ असे सांगता येत नाही. आजची स्कूटर किंवा मोटार मात्र आपली शिदोरी बरोबर घेऊन निघते. ती शिदोरी केव्हा बांधायची, हे ठरवणे आपल्या हातात असते. दिवसाचे चोवीस तास धरले तर सामान्य माणसाची गाडी फार तर दीड-दोन तास धावते. उरलेले बावीस तास ती कुठेतरी उभी असते. या बावीस तासांत तिने वीज केव्हा घ्यावी, हाच या साऱ्या विषयाचा गाभा आहे, असे माझे मत आहे.

हे समजण्यासाठी विजेचा एक स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. धान्य कणगीत भरून ठेवता येते, पाणी रांजणात साठवता येते. तारांच्या जाळ्यातली वीज अशी राहत नाही. ज्या क्षणी ती वापरली जाते, जवळजवळ त्याच क्षणी ती तयार व्हावी लागते. मागणी आणि निर्मिती यांचा तोल बिघडला की सेकंदाला पन्नास आवर्तनांची तिची लय ढळू लागते. हा तोल सांभाळण्यासाठी ऐरोली येथील राज्य भार प्रेषण केंद्रात माणसे अहोरात्र डोळ्यांत तेल घालून बसलेली असतात. ५ एप्रिल २०२० रोजी रात्री नऊ वाजता देशभर नऊ मिनिटे दिवे मालवले गेले, हे आपल्याला आठवत असेल. त्या वेळी देशाची मागणी सुमारे ३१ हजार मेगावॉटने एकदम खाली आली आणि काही मिनिटांतच पुन्हा वर गेली. जलविद्युत केंद्रे आधीपासून सज्ज ठेवली होती, म्हणून तो प्रसंग निभावला. उलट, ३० आणि ३१ जुलै २०१२ रोजी हा तोल गेला तेव्हा उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारत अंधारात बुडाला होता.

आता या जाळ्यात सूर्य आला आहे. जानेवारी २०२५ मध्ये भारताची सौर विजेची क्षमता एक लाख मेगावॉटच्या पुढे गेली. ही खरोखरच अभिमानाची गोष्ट आहे. परंतु ही वीज दुपारी बारा-एकच्या सुमारास उतू जाते आणि संध्याकाळी सातला शून्यावर येते. नेमके त्याच वेळी घरोघर दिवे लागतात, पंखे फिरू लागतात, दुकाने उजळतात. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात सौर वीज लवकर वाढली, म्हणून ही अडचणही तिथे आधी दिसली. तिथल्या अभियंत्यांनी २०१३ साली दिवसभराच्या मागणीतून सौर वीज वजा करून एक आलेख काढला. दुपारी खोल गेलेले पोट आणि संध्याकाळी ताठ वर आलेली मान, असा तो आकार बघून त्याला ‘बदक’ हेच नाव पडले. आपल्याकडेही हे बदक आता पोहू लागले आहे. २०२५ साली राजस्थानात दुपारची काही सौर वीज घ्यायला वाहिन्या अपुऱ्या पडल्या आणि ती तयार करणेच थांबवावे लागले. ऊन होते, काचा होत्या. वीज मात्र वाया गेली.

महाराष्ट्रात या बदकाची मान कोण पेलते? कोळसा पेलतो आणि कोयना पेलते. कोयना प्रकल्पाची एकूण क्षमता सुमारे १९६० मेगावॉट आहे. त्यातला चौथा टप्पा १००० मेगावॉटचा असून तो मुख्यतः मागणी शिगेला पोहोचते त्या वेळेसाठीच बांधलेला आहे. परंतु कोयनेचे पाणी अमर्याद नाही. वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणी तंटा लवादाने वर्षाला ६७.५ टीएमसी, म्हणजे साडेसदुसष्ट अब्ज घनफूट अशी मर्यादा घातली. हे पाणी वीज देऊन वाशिष्ठी नदीत आणि पुढे अरबी समुद्रात जाते. पाऊस कमी पडला की सातारा-सांगलीकडचे शेतकरी विचारतात, हे पाणी पूर्वेला का नाही? म्हणजे संध्याकाळच्या प्रत्येक जादा युनिटाचा हिशेब शेवटी कोळशाच्या ढिगाऱ्यात किंवा कोयनेच्या पाण्यात मांडला जातो. शिवाय कोयनेने ज्यांची गावे घेतली त्यांचे पुनर्वसन हा वेगळा आणि अजूनही दुखरा विषय आहेच.

या पार्श्वभूमीवर एक साधे गणित करून पाहू. चाकरमानी माणूस सायंकाळी सातला घरी येतो, मोटार लावतो आणि लगेच तिची पिन सॉकेटमध्ये खोचतो. हे अगदी स्वाभाविक आहे. घरगुती चार्जिंगला साधारण तीन किलोवॉटचा भार धरू. अशा सव्वातीन-साडेतीन लाख मोटारी एकाच वेळी लागल्या की सुमारे १००० मेगावॉट झाले. म्हणजे कोयनेचा अख्खा चौथा टप्पा केवळ उभ्या मोटारींच्या सेवेला लावावा लागेल! आणि गंमत अशी की दिवसाला चाळीस किलोमीटर जाणाऱ्या मोटारीला पाच-सहा युनिटेच लागतात. तेवढी वीज दोन तासांत मिळते. ते दोन तास संध्याकाळी सातचेच असले पाहिजेत, असे कोणत्या शास्त्रात लिहिले आहे? त्याच मोटारी दुपारी अकरा ते तीनच्या दरम्यान पाळीपाळीने चार्ज झाल्या तर जाळ्यावरचा बोजा ठरण्याऐवजी त्या उतू जाणारे ऊन साठवणारी भांडी ठरतील.

यावर कुणी म्हणेल, लोकांच्या सवयी अशा बदलता येतात का? महाराष्ट्राचा अनुभव सांगतो की मागणीची वेळ बदलता येते, आणि तीही शहरातल्या मोटारींपेक्षा कितीतरी मोठ्या प्रमाणावर. वर्षानुवर्षे आपल्या शेतकऱ्याला कृषिपंपासाठी वीज रात्री मिळत असे. थंडीत, काळोखात, साप-विंचवाच्या आणि बिबट्याच्या भीतीत तो दारे धरायला जात असे. ‘आम्हाला दिवसा वीज द्या’ ही त्याची मागणी होती. त्या मागणीला उत्तर म्हणून २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना पुढे आली. उपकेंद्राजवळच सौर प्रकल्प उभारायचा आणि त्याची वीज शेतीच्या वाहिनीला दिवसा द्यायची, अशी ती कल्पना. शेतकऱ्याला झोप मिळावी आणि सूर्याची वीज सूर्य असतानाच वापरली जावी, असा दुहेरी लाभ त्यात आहे. योजनेच्या अंमलबजावणीविषयी मतभेद असू शकतील; तत्त्व मात्र निर्विवाद आहे. शेतातल्या मोटारीला जे तत्त्व लागू पडते ते रस्त्यावरच्या मोटारीला का पडू नये?

याच्या आड येते ती एक जुनी समजूत. रात्रीची वीज स्वस्त, दिवसाची महाग, हे आपल्या मनात पक्के बसले आहे. कोळशाच्या काळात ते बरोबरही होते. रात्री मागणी पडायची, भट्ट्या तर विझवता येत नसत. म्हणून कारखान्यांना रात्रीच्या विजेवर सवलत मिळे. नगर आणि ठाणे जिल्ह्यांच्या सीमेवरील घाटघरचा २५० मेगावॉटचा उदंचन प्रकल्प याच विचाराने उभा राहिला. रात्रीच्या शिलकी विजेवर पाणी वर चढवायचे आणि मागणीच्या वेळी तेच खाली सोडून वीज करायची. सूर्याने हे घड्याळ उलटे केले आहे. आता शिलकीची वेळ दुपारची आहे. घाटघरसारख्या प्रकल्पांनी दुपारी पाणी चढवावे आणि माणसांनीही आपल्या गाड्या दुपारीच लावाव्यात, हे नव्या काळाचे व्यवहारज्ञान आहे.

केंद्र सरकारने हे ओळखले नाही असे नाही. जून २०२३ मध्ये ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती करून वेळेनुसार वीजदराची तरतूद झाली. सूर्य असण्याच्या तासांत दर दहा ते वीस टक्क्यांनी कमी आणि मागणी शिगेला असते त्या वेळी अधिक, असा तिचा आशय. मोठ्या व्यापारी व औद्योगिक ग्राहकांसाठी १ एप्रिल २०२४ पासून आणि शेती वगळून इतरांसाठी १ एप्रिल २०२५ पासून, स्मार्ट मीटर बसल्यावर, ती लागू व्हावयाची होती. या मीटरविषयी लोकांच्या मनात संशय आहे आणि बिल समजावून सांगण्याची जबाबदारी वीज कंपन्यांचीच आहे, हे खरे. पण क्षणभर धरून चालू की मीटर उत्तम आहे आणि सवलतही मिळते आहे. तरीसुद्धा एक प्रश्न उरतोच.

दुपारची सवलत मिळणार घरच्या मीटरला. आणि दुपारी गाडी असते कुठे? ती असते कचेरीच्या आवारात, कारखान्याच्या फाटकाशी, रेल्वे स्टेशनच्या वाहनतळावर, महाविद्यालयाच्या स्टँडवर. जिथे सवलत आहे तिथे गाडी नाही आणि जिथे गाडी आहे तिथे सॉकेट नाही! ज्याच्या बंगल्यात दुसरी मोटार दिवसभर उभी असते, ज्याच्या गच्चीवर स्वतःचे सौर संच आहेत, त्यालाच या सवलतीचा पुरा लाभ. चाळीत किंवा भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याला तर रात्रीही सोय नाही. तो तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून वायर खाली सोडतो, किंवा बॅटरी उचलून खोलीत आणतो आणि ती चुलीशेजारी चार्ज करतो. यातला धोका सांगायला नकोच. वेळेनुसार दर हे धोरण योग्य असले तरी जागेचा विचार केल्याशिवाय ते अन्यायाचे ठरेल, असे मला निश्चितपणे वाटते.

म्हणून माझे म्हणणे असे की, सार्वजनिक पैसा महामार्गावरच्या चकचकीत जलद चार्जिंग केंद्रांवर खर्च होतो आहे तो होवो. पण त्याआधी तो माणसे जिथे दिवस काढतात तिथे खर्च व्हावा. कचेऱ्या, औद्योगिक वसाहती, बाजार समित्या, रुग्णालये, रेल्वे स्टेशने, शाळा-महाविद्यालये. इथे जलद आणि महाग यंत्रणेची गरजच नाही. गाडी सहा-सात तास उभी असेल तर साधे, सुरक्षित, मीटर लावलेले सॉकेट पुरते. चाळीतल्या माणसाचा जागेचा प्रश्न आणि जाळ्याचा वेळेचा प्रश्न, दोन्ही एकाच उपायाने सुटतात, हे या सूचनेचे विशेष.

ज्यांची गाडी दिवसभर फिरत असते त्यांचे काय? रिक्षावाला किंवा घरपोच सामान देणारा तरुण दुपारी तीन तास थांबू शकत नाही. त्याच्यासाठी बॅटरी बदलून देण्याची पद्धत उपयोगी आहे. एक बॅटरी त्याच्याबरोबर फिरते, दुसरी केंद्रावर उन्हाच्या विजेवर भरत राहते. शहरातल्या बसगाड्यांनाही सकाळ-संध्याकाळच्या गर्दीमधल्या दुपारच्या विसाव्यात आगारात वीज देता येईल. आपल्या एस. टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी पुणे-नगर मार्गावर धावली. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांनी, १ जून २०२२ रोजी, त्याच मार्गावर विजेवरची ‘शिवाई’ धावली. खेड्यापाड्यांतल्या माणसाचे विजेचे वाहन हेच असणार आहे. त्यामुळे आगारांची विस्तीर्ण छपरे आणि दुपारच्या वेळा यांचा विचार मोटारींच्या आधी झाला पाहिजे.

याहून पुढची एक कल्पना पाश्चात्त्य देशांत मूळ धरते आहे. गाडीने केवळ वीज घ्यावी असे नाही. संध्याकाळी गरज पडली तर आपल्या बॅटरीतली थोडी वीज तिने जाळ्याला परतही द्यावी. अमेरिकेतील डेलावेअर विद्यापीठाचे विलेट केम्प्टन यांनी आपल्या सहकाऱ्यासह १९९७ साली ही कल्पना मांडली. डेन्मार्कमध्ये फ्रेडरिक्सबर्ग येथे एका नागरी सेवेच्या गाड्यांवर २०१६ पासून तिचा प्रत्यक्ष प्रयोग झाला. कल्पना आकर्षक आहे. परंतु त्यासाठी दोन्ही बाजूंनी वीज वाहणारी यंत्रे लागतात, बॅटरीची झीज थोडी वाढते, आणि त्या झिजेचा मोबदला मालकाला कोण देणार हा करारमदाराचा प्रश्न राहतो. आपण आधी गाडी योग्य वेळी भरायला शिकावे. परत देण्याची पायरी त्यानंतरची. गाडी दुपारी भरली आणि संध्याकाळी वीज मागायला आलीच नाही, तरी तिने जाळ्याला दिलेली मदत थोडी नाही.

पावसाळ्याचा आक्षेप मात्र प्रामाणिकपणे मान्य केला पाहिजे. आषाढ-श्रावणात ऊन कुठले? त्या महिन्यांत सातारा जिल्ह्यातील चाळकेवाडी-वनकुसवड्याच्या पठारांवरच्या आणि धुळ्याकडच्या ब्राह्मणवेलच्या पवनचक्क्या जोरात असतात. पण वारा काही दुपारचा मुहूर्त पाहून वाहत नाही. तेव्हा ‘दुपारीच’ हा हट्ट न धरता, ज्या वेळी स्वच्छ वीज मुबलक असेल त्या वेळी चार्जिंग आपोआप सुरू व्हावे आणि टंचाईत थांबावे, अशी यंत्रणा लागेल. अशी उपकरणे आज बनतात. तरीही काही दिवस कोळसा लागेलच. तो कमी लागावा हे ध्येय आहे. तो एका वर्षात नाहीसा होईल, हा भ्रम आहे.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या दाराशी आहे. सरकारने काय करावे यावर लेख लिहिणे सोपे असते. आपण काय करू शकतो? आपल्या स्टँडवर उद्या शंभर विजेच्या स्कूटर येतात असे धरू. दिवसाला तीस किलोमीटर जाणाऱ्या स्कूटरला साधारण एक युनिट लागते. म्हणजे सगळ्यांना मिळून रोज शंभर युनिटे. आपल्याकडे एक किलोवॉट सौर संच दिवसाला सरासरी चार युनिटे देतो. म्हणजे पंचवीस किलोवॉटचा संच पुरे, आणि त्याला सुमारे अडीच हजार चौरस फूट गच्ची लागते. ग्रंथालयाच्या इमारतीवर तेवढी गच्ची रिकामी तापत पडली आहे. सुट्टीच्या दिवसांत ही वीज जाळ्यात जाईल आणि महाविद्यालयाच्या बिलातून वजा होईल. स्कूटरवाल्याने युनिटाप्रमाणे पैसे भरावेत, फुकट काहीच नको. नाहीतर पायी आणि एस. टी.ने येणाऱ्या मुलांच्या फीमधून स्कूटरवाल्यांची सोय केल्यासारखे होईल.

व्यवस्थापनाने या वर्षी निदान दहा सॉकेट आणि त्यापुरता छोटा संच बसवून हा प्रयोग करावा. त्याचा रोजचा हिशेब अर्थशास्त्र विभागाच्या विद्यार्थ्यांकडे द्यावा. किती युनिटे उन्हाची, किती जाळ्यातून घेतलेली, किती परत दिलेली, हे आम्ही आनंदाने मांडू. पुढच्या वार्षिक अंकात मतांऐवजी त्या वहीतले आकडे छापता आले, तर माझ्यानंतर या विषयावर लिहिणाऱ्याचे काम सोपे होईल.